निकेलचं पुरळ: ट्यूब संपते, चट्टा परत येतो

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. बेंबीच्या खाली रुपयाएवढा चट्टा. तो खाजतो, कधी बारीक पाण्याचे फोड येतात, मग खपली धरते. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की चार दिवसांत शांत. ट्यूब थांबवली की पंधरवड्यात तोच चट्टा त्याच जागी हजर. कुणाचं हेच कानाच्या पाळीवर चालतं, कुणाचं मानेमागे मंगळसूत्राची कडी टेकते तिथे, कुणाचं मनगटावर घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली. मधल्या काळात घरातून निदानं येत राहतात: रक्त खराब आहे, उष्णता झाली आहे, वांगं बंद कर.

वांगं बंद करून झालं असेल तर आता धातूकडे बघू.

मी प्लेटिंगच्या, म्हणजे एका धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवण्याच्या कामातला माणूस आहे, डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती दिवस, हे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगायचं. पण निकेल कुठल्या वस्तूवर चढवतात, कशासाठी, आणि ते बाहेर कसं पडतं, हे रोजच्या कामातलं आहे. या पुरळाच्या बाबतीत अर्धं काम तिथेच आहे, कारण चट्ट्यावर कितीही लावलं तरी धातू अंगावर आहे तोवर तो परत येणार.

आधी नायटा नाही ना, ते बघा

बेंबीखालच्या आणि कमरेच्या चट्ट्याचा सगळ्यात जास्त गोंधळ नायट्याशी होतो. नायट्याला कडा असते. चट्टा बाहेरच्या बाजूने पसरत जातो, कडेला लाल आणि खवल्यांचा, मधे थोडा निवळलेला. तो जांघेत, काखेत सरकतो, घरातल्या दुसऱ्याला लागतो. निकेलचं पुरळ जागा सोडत नाही. जीन्सचं बटण जिथे टेकतं तिथेच ते असतं आणि बटणाच्या आकाराशी त्याचं नातं दिसतं. घरातल्या कुणाला ते तुमच्यामुळे होत नाही.

ओळख पटण्याआधी ती प्रसिद्ध मिश्र ट्यूब लावू नका. तिच्यात बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टिरॉइडने दोन्ही रोगांची लाली आणि खाज दबते, त्यामुळे 'औषध लागू पडलं' असं वाटतं आणि रोग कोणता ते कळतच नाही. नायटा असेल तर तो आतून फोफावतो. निकेल असेल तर दोन आठवड्यांची सुट्टी मिळते, एवढंच. वर्षभर हे चाललं की कातडी पातळ होते आणि जांघेत ताणाचे पट्टे उमटतात, ते जात नाहीत.

कपाळावर टिकलीच्या जागी डाग असेल, विशेषतः पांढरा पडत असेल, तर तो बहुधा टिकलीच्या डिंकातल्या रसायनाचा असतो. तिथे निकेल शोधत बसू नका.

दोन दिवस मागे जा

निकेलची ॲलर्जी शिंगाड्याच्या पिठाने किंवा कोळंबीने अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधींसारखी तत्काळ नसते. घामातल्या मिठाने धातूतून निकेलचे आयन, म्हणजे विरघळलेले सूक्ष्म कण, सुटतात आणि कातडीत शिरतात. तिथे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्यांना ओळखतात आणि मग सूज येते. या सगळ्याला २४ ते ७२ तास लागतात. म्हणून लग्नात शनिवारी घातलेल्या झुमक्यांचं पुरळ सोमवारी ऑफिसात उठतं आणि दोष जातो ऑफिसच्या एसीला किंवा रविवारच्या मटणाला.

पुरळ उठलं की 'आज काय लागलं' हा प्रश्न बाजूला ठेवून दोन-तीन दिवसांपूर्वी त्या जागेला काय टेकलं होतं ते आठवा. फोनमध्ये तारीख घालून लिहून ठेवलं तर आणखी चांगलं. दोन-तीन वेळा पुरळ उठेपर्यंत नोंद केली की बहुतेकांना वस्तू स्वतःलाच सापडते.

"इतकी वर्षं हेच घालतेय, मग आत्ताच कसं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे ॲलर्जी जन्मतः नसते. शरीर ती कधीतरी शिकतं, आणि एकदा शिकलं की सहसा जन्मभर विसरत नाही. कान किंवा नाक टोचताना वापरलेला निकेलचा खडा हा शिकण्याचा सगळ्यात सरळ रस्ता, कारण तिथे धातू ताज्या जखमेत दिवसरात्र बसलेला असतो. सोनाराकडे सोन्याच्या तारेने बाळाचे कान टोचण्याची जुनी रीत या बाबतीत गनने मारलेल्या स्वस्त खड्यापेक्षा कितीतरी बरी. बायकांमध्ये ही ॲलर्जी पुरुषांपेक्षा बरीच जास्त आढळते, त्यामागेही मुख्यतः हेच आहे.

दुसरं कारण वस्तूत असतं.

पाणी दिलेलं सोनं, खाली निकेल

वन ग्रॅमचा किंवा इमिटेशनचा दागिना कसा बनतो ते बघा. आत पितळ किंवा तांब्याचा मिश्रधातू. त्यावर सोनं थेट चढवलं तर तांबं हळूहळू सोन्यात झिरपतं आणि दागिना काळवंडतो. म्हणून मधे निकेलचा थर देतात. निकेल तांब्याला अडवतं, गुळगुळीत चमक देतं आणि स्वस्तही पडतं. सोन्याचा थर त्यानंतर. निकेल पाच-दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल, तर सोन्याचं 'फ्लॅश' मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढंसुद्धा असू शकतं. नवा दागिना दुकानातून येतो तेव्हा कातडीला सोनं लागतं. रोज घासलं जातं तिथलं सोनं काही महिन्यांत उडतं आणि मग कातडीला निकेल लागतं. दिसायला फरक फारसा नसतो, फक्त पिवळेपणा किंचित फिका होतो.

वहिनींच्या मानेमागचं पुरळ घामाचंच आहे, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. लोकलने जातात म्हणून रोजच्या वापराला त्यांचं मंगळसूत्र वन ग्रॅमचं. एका रविवारी वर्तमानपत्रावर मंगळसूत्र, घड्याळ आणि पदराच्या पिना मांडल्या आणि निकेल टेस्टच्या बाटलीतले थेंब कानकोरणीच्या कापसावर घेऊन एकेक जागा घासत गेलो. निकेल सुटत असेल तर हा कापूस गुलाबी होतो. वाट्यांवर कापूस पांढराच राहिला. काळ्या मण्यांवर काही नाही. साखळीच्या कड्यांवर अगदी पुसट छटा. मागच्या हुकावर घासला आणि कापूस सरळ गुलाबी झाला.

"अहो भाऊजी, पण हे तर आत्ताच पॉलिश करून आणलंय!"

म्हणूनच तर. पॉलिश म्हणजे आधी बफिंगच्या, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या चाकावर धरणं, आणि चाक सगळ्यात आधी कडा आणि कोपरे खातं. त्यानंतर पुन्हा फ्लॅश दिला असला तरी हुकासारखी सतत घासणारी जागा तो थर फार दिवस टिकू देत नाही. गंमत म्हणजे पदराची पिन हुकापेक्षाही गडद गुलाबी निघाली, आणि खांद्यावर पुरळाचा मागमूस नव्हता, कारण मधे ब्लाऊजचं दुहेरी कापड. वस्तूत निकेल आहे एवढ्याने ती गुन्हेगार ठरत नाही. ती उघड्या, घामेजल्या कातडीला तासन् तास टेकली पाहिजे.

ही चाचणी कशी करायची

दोन रसायनं लागतात: डायमिथाइलग्लायॉक्झिम आणि अमोनियाचं पाणी. तयार किट ऑनलाइन मिळतं. दोन्हींचे एकेक-दोन थेंब कापसावर घ्या, वस्तूची न दिसणारी बाजू अर्धा मिनिट घासा आणि कापूस बघा. गुलाबी किंवा लालसर गुलाबी आला तर त्या पृष्ठभागातून निकेल सुटतंय. निळसर-हिरवट आला तर ते तांबं, त्याकडे दुर्लक्ष करा. खिडकी उघडी ठेवा, अमोनिया डोळ्यांना झोंबतो. वस्तू कातडीवर असताना चाचणी करू नका. नंतर ती धुऊन पुसा.

कापूस पांढरा राहिला म्हणजे वस्तू निर्दोष, असं मात्र नाही. थोडंसं सुटणारं निकेल ही चाचणी चुकवते, आणि आज पांढरा निघालेला नवा दागिना सहा महिन्यांनी गुलाबी निघू शकतो. संशय दाट असेल तर दर काही महिन्यांनी पुन्हा घासून बघा.

चुंबकाचा उपाय कुणी सांगितला तर सोडून द्या. निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं, पण पितळेवरचा त्याचा पातळ थर चुंबकाला जाणवेलच असं नाही. ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये ८ टक्के निकेल असून ते सहसा चिकटत नाही, आणि ४३० ग्रेडचं जवळपास निकेल नसलेलं स्टील छान चिकटतं. म्हणजे भांड्यांच्या दुकानात चुंबकाचा थोडा उपयोग आहे, दागिन्यांच्या दुकानात शून्य.

मग काय घालायचं

२२ कॅरेट, म्हणजे ९१६ हॉलमार्कचं सोनं बहुतेकांना चालतं, कारण त्यातली भेसळ सहसा तांबं आणि चांदीची असते. पांढऱ्या सोन्याबद्दल विचारून घ्या, त्याचा पांढरेपणा कधी निकेलमुळे तर कधी पॅलेडियममुळे असतो. साधी चांदी ठीक. रोडियम पॉलिशवाल्या चांदीखाली निकेलचा थर असू शकतो. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी औषधालाही नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. नवरात्रात अंगभर घातले जाणारे ऑक्सिडाइज्ड सेट पुष्कळदा त्याचेच, आणि गरब्याचा घाम त्यावर. कान टोचायला टायटॅनियम किंवा २२ कॅरेट सोनं.

'निकेल फ्री' या चिठ्ठीवर माझा सरसकट विश्वास नाही. निकेलऐवजी व्हाइट ब्रॉन्झचा, म्हणजे तांबं-कथलाचा थर देऊन खरोखर निकेलविरहित माल करता येतो आणि काही जण करतातही, पण तो महाग पडतो. शंभर रुपयांच्या सेटवर ही चिठ्ठी दिसली तर बाटली काढा. युरोपात या गोष्टीला कायद्याचा आधार आहे. डेन्मार्कने १९९० च्या सुमारास निर्बंध आणले, १९९४ मध्ये युरोपीय संघाने नियम केला. कातडीला बराच वेळ टेकणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या भोकात बसणाऱ्या भागासाठी ही मर्यादा ०.२. मर्यादा सुटणाऱ्या निकेलवर आहे, वस्तूत असलेल्या निकेलवर नाही, हा त्यातला शहाणपणा. म्हणूनच ८ टक्के निकेलचं चांगलं स्टील चालून जातं आणि निकेलचा पातळ मुलामा दिलेली पितळी पिन चालत नाही. नियम आल्यावर कान टोचलेल्या डॅनिश तरुणींमध्ये ही ॲलर्जी कमी झालेली दिसली.

जीन्सच्या बटणाला आतून कापडाचा तुकडा शिवून टाका. पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हातही चालतात, पण घामाने आणि धुण्याने ते निघतात, दर थोड्या दिवसांनी पुन्हा लावावे लागतात. कानातल्याच्या दांडीवर हा प्रयोग नको. पट्ट्याचं बक्कल शर्टबाहेर राहील असं बघा. चष्म्याच्या धातूच्या फ्रेममुळे कानामागे किंवा गालावर पुरळ असेल तर प्लॅस्टिकची किंवा टायटॅनियमची फ्रेम. शिंपीकाम करणाऱ्यांनी टाचण्या ओठांत धरायची सवय सोडावी.

वस्तू दूर केल्यावरही चट्टा बसायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर आपल्या रंगाच्या कातडीवर काळसर डाग कित्येक महिने राहतो. तो डाग म्हणजे रोग नव्हे. खाज नाही, फोड नाहीत, खरखर नाही, तर त्याच्यावर स्टिरॉइड चोळू नका.

स्टीलच्या भांड्यांचं काय

बहुतेकांनी भांडी बदलायची गरज नाही. स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो निकेलला आत ठेवतो. आंबट पदार्थ नव्या भांड्यात खूप वेळ उकळला तर थोडं निकेल उतरतं, आणि भांडं काही वेळा वापरल्यावर ते प्रमाण घटतं. ज्यांचं पुरळ सगळे दागिने काढूनही थांबत नाही त्यांनी चिंच-कोकमाची आमटी आणि टोमॅटोचं सार मातीच्या किंवा कल्हई केलेल्या पितळी भांड्यात करून बघावं. कल्हई कथलाची असते, निकेलची नाही. सकाळी नळातून येणारं पहिलं भांडंभर पाणी झाडांना घाला. चकचकीत तोटीवर क्रोमखाली बहुधा निकेलच असतं, आणि रात्रभर थांबलेल्या पाण्यात ते उतरू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०२ मिलिग्रॅम आहे.

पोटातून जाणाऱ्या निकेलचा प्रश्न थोड्या लोकांचा असतो. तळहातावर आणि बोटांच्या कडांना साबुदाण्यासारखे खोल, खाजरे फोड वारंवार येतात आणि धातूचा स्पर्श सापडत नाही, तेव्हा डॉक्टर आहाराकडे वळतात. कोको आणि चॉकलेट, काजू, शेंगदाणे, सोयाबीन, ओट्स, डाळी-कडधान्यं आणि चहा यांत निकेल तुलनेने जास्त. श्रावणातल्या उपवासांत फोड वाढत असतील तर दाण्याच्या कुटाकडे बघायला हरकत नाही. पण मनानेच डाळ-उसळ बंद करू नका. शाकाहारी घरात प्रथिनं आणि लोह तिथूनच येतं, आणि शरीरात लोह कमी असलं की आतडं निकेल जास्त शोषतं. दोन्ही धातू एकाच वाटेने आत जातात. हिमोग्लोबिन तपासणं हा डाळ सोडण्यापेक्षा शहाणा पहिला उपाय. पथ्य करायचंच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे, आणि फरक नसेल तर सोडून द्यायचं.

पक्कं निदान

पॅच टेस्ट. रक्ताच्या 'ॲलर्जी पॅनेल'वर पैसे घालवू नका, त्या वेगळ्या जातीच्या ॲलर्जीसाठी असतात. पॅच टेस्टमध्ये व्हॅसलीनसारख्या बेसमधलं ५ टक्के निकेल सल्फेट आणि इतर पदार्थ छोट्या चकत्यांमध्ये भरून पाठीवर चिकटवतात. ४८ तासांनी काढून बघतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. दुसरी तपासणी चुकवू नका, उशिरा उठणारं त्यातच सापडतं. तोवर पाठ भिजवायची नाही आणि घाम काढायचा नाही, म्हणून मे महिना टाळलेला बरा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. गुडघ्याचा सांधा, हृदयातलं उपकरण किंवा दातांच्या तारा बसवायच्या असतील तर रिपोर्ट त्या डॉक्टरांनाही दाखवा. दातांच्या काही तारांत निम्म्याहून जास्त निकेल असतं, तरी बहुतेकांना त्या तोंडात सोसतात. निर्णय त्यांच्यावर सोडा.

कॅन्सरची भीती, आणि ती कुणी बाळगायची

आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९० मध्ये निकेलची संयुगं माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकली, हे खरं. आधार होता मुख्यतः निकेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांचा. वेल्समधल्या क्लायडॅक इथल्या रिफायनरीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत काम केलेल्यांना नाकाच्या आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरने मोठ्या प्रमाणात गाठलं होतं. त्यांनी वर्षानुवर्षं निकेलची धूळ श्वासातून घेतली होती. कानातल्याने किंवा स्टीलच्या ताटाने हे होत नाही. निकेलची ॲलर्जी पुढे कॅन्सरमध्ये बदलते, हेही खोटं.

भीती बाळगायची ती आमच्यासारख्यांनी. भोसरी किंवा वाळूजच्या एमआयडीसीतल्या लहान प्लेटिंग शॉपमध्ये निकेलची टाकी ५०-६० अंशांवर चालू असते, त्यात निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड. बुडबुडे फुटले की तुषार उडतात आणि टाकीवर वाकलेल्या माणसाच्या नाकात जातात. पंखा टाकीच्या कडेलाच हवा, छताला लावून उपयोग नाही. नायट्राइलचे लांब हातमोजे हवेत, आणि आत ओले झालेले मोजे घालून काम करणं मोज्यांशिवाय काम करण्याहून वाईट, कारण द्रावण कातडीशी कोंडून राहतं. टाकीजवळ डबा खायचा नाही, तंबाखू मळायची नाही. रेलिंग आणि गेटचं एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं, वेल्डिंग करणाऱ्यांना धुरातून निकेल आणि क्रोमियम दोन्ही मिळतात. वेल्डिंगचा धूर २०१७ पासून त्याच पहिल्या गटात आहे. रस्त्यावर तोंडाला रुमाल बांधून हे काम चालतं, आणि रुमाल त्या धुरातलं काहीच अडवत नाही.

अशा कामावर असाल आणि मनगट किंवा बोटांची बेचकी सारखी फुटत असेल, सुट्टीला गावी गेल्यावर बरी होत असेल आणि परतल्यावर पुन्हा उठत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना टाकीत पडणाऱ्या रसायनांच्या पिशव्यांवरच्या नावांचे फोटो न्या. 'कंपनीत कामाला आहे' एवढ्यावरून निकेल, क्रोम की इपॉक्सीसारखं चिकट रसायन, हे त्यांना ओळखता येत नाही.